कलमांखालचं गवत, चार शेळ्या आणि मुलीचा प्रश्न

कातळावरची

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात समुद्राच्या बाजूला आमची जागा आहे. तीन एकर हापूसची कलमं, त्यांना लागून उतारावर काजू, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि खाली भाताचे चार कुणगे, त्यातले दोन पडीक. सासरे होते तोवर गोठ्यात बैलजोडी आणि गाई होत्या. आता तिथे ग्रासकटर, फवारणीचा पंप आणि आंब्याचे रिकामे क्रेट.

खरा त्रास गवताचा. ऑक्टोबरात सड्यावर आणि काजूत कमरेएवढं होतं. बेणणीला माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर मजुरी, पेट्रोल, चहापाणी धरून काजूचा पैसा तिथेच संपतो. नाही कापलं तर फेब्रुवारी-मार्चात वणवा ठरलेला. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याकडून आग आली आणि काजूची एक बाजू काळी करून गेली. लावली कोणी, कोणालाच माहीत नाही. दरवर्षी कोणालाच माहीत नसतं.

म्हणून शेळ्या घ्याव्यात असं मनात आहे. झिंबाब्वेच्या ॲलन सेव्हरींचं 2013 चं भाषण ऐकलं. जनावरं दाटीने एका तुकड्यावर चारायची, मग पुढच्या तुकड्यावर न्यायची, मागच्या जमिनीला भरपूर विसावा द्यायचा. माती सुधारते, पाणी मुरतं, हवेतला कार्बन मातीत जातो, असं त्यांचं म्हणणं. ‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. पण त्यांचं माळरान कोरडं. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटतं आणि पुढचे आठ महिने थेंब नाही.

त्यात मुलगी. पुण्याला असते, व्हीगन झाली आहे. दूध, तूप, मध, सगळं बंद. मी मोठ्या उत्साहाने फोनवर बेत सांगितला तर म्हणाली, “आई, बोकड मोकळा चरला काय आणि बांधून वाढला काय, शेवटी खाटकाकडेच ना? मग त्याला मातीची सेवा म्हणू नकोस.” मी मासे खाणारी बाई. मटण सणावारी, आणि गावच्या राखणदार देवाला कोंबडा दिला की तोही प्रसाद म्हणून खाते. मुलीशी भांडायचं नाही, पण तिला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही.

तर विचारायचं असं की कलमांखाली शेळ्या चालतील का, पावसात त्यांचं कसं करायचं, हे कार्बनचं कितपत खरं, आणि मुलीला काय सांगू? शेवटच्या प्रश्नाला ‘हल्लीची पोरं’ छापाचं उत्तर कृपया नको.

हापूसवाला_देवगड

शेळ्या कलमांत अजिबात नको. हापूसच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. पावसाळा संपता संपता पालवी येते, मग मोहोर. शेळी एका सकाळीत पुढच्या वर्षीचं पीक खाऊन मोकळी होईल. दुसरं म्हणजे मोहोरावर आपण तीन-चार तरी फवारण्या घेतोच, ते औषध खालच्या गवतावर पडतं. पहिल्या फवारणीनंतर कलमाखालची काडीही जनावराला घालायची नाही. आणि तुम्ही कल्टार, म्हणजे मोहोर लवकर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी घालतात ते औषध, घालता का? घालत असाल तर त्या आळ्यातलं गवत मी तरी कधीच घालणार नाही.

बाकी मुलीच्या प्रश्नात मी पडत नाही. माझ्या घरात तोच प्रश्न आहे, फक्त तो बायको विचारते.

कर्लीकाठ

ताई, मी कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या वरच्या अंगाला राहते. शेळ्या कन्याळ, गाई कपिला, कोंबड्या गावठी, भात घरचा. देवगडकरांनी फवारणीचं सांगितलं ते आधी पक्कं लक्षात ठेवा, मग माझं वाचा. लांबणार आहे.

तुमचा त्रास गवत आहे आणि तुम्ही जनावर निवडलंत पाला खाणारं. शेळी खाली मान घालून मुकाट्याने गवत खाणारी नव्हे. जरा बघत उभ्या राहा तिच्याकडे. मागच्या दोन पायांवर उभी होते, पुढचा एक खूर फांदीवर टेकवते, मान तिरकी करते आणि नुसत्या ओठांनी कोवळं पान निवडून घेते. त्याच्याच शेजारचं जून पान तसंच ठेवते. शेंड्याला तोंड लागलं की ती फांदी तिथेच थांबली. करवंदाची जाळी, बोर, आपटा, उंबर, फणसाचा पाला हे तिचं जेवण. सड्यावरचं गवत ती श्रावणात खाईल, दिवाळीनंतर त्याची सुकी काडी झाली की नाक उडवून पुढे जाईल. आणि वणवा पेटतो तो त्या काडीवरच.

गवत खायला गाय पाहिजे. तीही घाटावरून आणलेली मोठी होलस्टीन नव्हे, आपली कपिला. उंचीला लहान, खूर टणक, कातळावर बिनधास्त चालते, पावसाला आणि गोचिडांना दाद देत नाही. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. त्याहून जास्त सांगून कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता गाय आली म्हणजे वासरू आलं, आणि दर दोन वासरांमागे एक पाडा, म्हणजे नर. इथून पुढे तुमच्या मुलीचा प्रश्न सुरू होतो, आणि तो शेळीपेक्षा गाईच्या बाबतीत जास्त अवघड आहे. पूर्वी पाडा झाला की घर खूश, जोताला बैल मिळाला. आता वाडीत पॉवर टिलर आहे. गाईच्या कत्तलीला आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने बंदी होती, 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे पाड्याला गिऱ्हाईक नाही आणि गोठ्यात काम नाही. मग भात कापून झालं की सोडला मोकाट. आधी शेजाऱ्याच्या कुळथात, मग ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात, शेवटी मुंबई-गोवा महामार्गावर. पावसाळ्यात रात्री भिजलेल्या जमिनीपेक्षा डांबर बरं म्हणून गुरं मधोमध येऊन बसतात, आणि पहाटे तिथे काय पडलेलं असतं ते या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. ही गुरं मटण खाणाऱ्यांच्याच घरची असतात असं समजू नका. ती चहात दूध घालणाऱ्या प्रत्येक घरची आहेत.

तुमच्या मुलीने दूधच सोडलंय, म्हणजे तिचा हिशोब पुरा आहे. तिने मला काहीही विचारावं, मी ऐकून घेईन. दुधाचा चहा हातात घेऊन मला बोकडावरून शिकवणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही.

माझ्याकडे पाडा ठेवायचा की नाही हे गाय फळवण्याआधी ठरतं. खच्ची करून ठेवायचा असेल तर त्याचा चारा आधी दिसला पाहिजे. दिसत नसेल तर गाय त्या वर्षी रिकामी राहते आणि आम्ही कोरा चहा पितो. शेणाला नर-मादी सारखीच, आणि मला जनावर हवं असतं ते मुख्य शेणासाठी.

आता चारा. किती जनावरं ठेवायची हे ऑगस्टात ठरवू नका, ऑगस्टात कोणीही शंभर गुरं पाळील. मे महिना डोळ्यांपुढे ठेवा. दोनशे किलोची कपिला दिवसाला साधारण पाच किलो सुकं खाते. मध्य ऑक्टोबरपासून मध्य जूनपर्यंत आठ महिने, म्हणजे एका गाईला 12 क्विंटल. एकरभर भाताचा पेंढा जवळपास तेवढाच निघतो, दाण्याच्या वजनाइतका धरा. तुमचे दोन कुणगे किती गुंठ्यांचे आहेत माहीत नाही, पण पेंढ्यावर एकच गाय धरून चाला. दुसरी ठेवायची तर सड्याचं गवत कापून उडवी, म्हणजे गंजी, रचायची. ते फुलावर असताना कापायचं. बी पडल्यावर कापलंत तर नुसती काडी हाताला लागते, सत्त्व गेलेलं असतं. यात तुमचा एक फायदा असा की बेणणीला जी मजुरी देऊन गवत तिथेच कुजवत होतात किंवा जाळत होतात, त्याच मजुरीत वर्षाचा चारा झाला आणि काजूलगतची आगीची वाटही बंद झाली.

शेळ्या ठेवायच्याच असतील तर चारपेक्षा जास्त नको, आणि टाळावर ठेवा. म्हणजे पाला तोडून आणायचा आणि गोठ्यात उंचावर बांधायचा. कुंपणाला गिरिपुष्प, पांगारा, शेवरी लावा. गिरिपुष्पाला काही ठिकाणी उंदीरमारी म्हणतात तेच. त्याचा पाला ताजा दिलात तर शेळी तोंड वाकडं करते. काही तास सुकत ठेवला की खाते, आणि एकदा चव कळली की मागे लागते. तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला लागतो, हे धरून आधी कुंपण लावा आणि वर्षभराने शेळ्या आणा. उलटं करू नका.

सेव्हरी साहेबांबद्दल. जनावर एका जागी थोडा वेळ, मग दुसरीकडे, ही कल्पना मला पटते. आमच्याकडे म्हातारी माणसं दावं लांब ठेवून रोज खुंटी बदलायची, ते हेच. पण चरतं तिथेच शेण पडावं आणि खुरांनी मातीत जावं हा भाग जुलैत आपल्याकडे विसरा. एका दिवसात 200 मिलीमीटर पडायला इथे वेळ लागत नाही. उघड्यावरचं शेण व्हाळात, व्हाळातून खाडीत. शिवाय ओल्या जमिनीवर खूर रुतले की माती दाबली जाते आणि पाणी मुरायचं थांबतं. म्हणून पावसात जनावर गोठ्यात, चारा कापून आणायचा, आणि खाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, अंथरायचा. काजूचा, ऐनाचा, फणसाचा, जो मिळेल तो. त्यात शेण-मूत मुरतं. आठवड्याने ते काढून छपराच्या खड्ड्यात टाकायचं. छपराच्या, हे विसरू नका. उघड्या खड्ड्यातलं निम्मं सत्त्व पाण्याबरोबर जातं. आपली जांभ्याची माती आंबट, आणि स्फुरद घातला तरी धरून बसते, झाडाला देत नाही. तिला हे खत लागतंच.

बोकडांचं सांगते. आमच्या वाडीत बोकड कापतात तो टेम्पोत कोंबून रात्रभर प्रवास केलेला नसतो. सकाळी त्याने पाला खाल्लेला असतो, बाकीच्या शेळ्या तोवर बाहेर चरायला गेलेल्या असतात, आणि कापणाऱ्याचा हात सराईत असतो. मग परसात केळीच्या पानांवर वाटे घालतात. दहा घरं तर दहा वाटे. प्रत्येक पानावर थोडं मांस, थोडं हाड, कलेजीचा तुकडा, चरबीचा तुकडा. वाटे घालणारा माणूस तराजू वापरत नाही. तो दोन पावलं मागे जाऊन बघतो, एका पानावरचा तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवतो, पुन्हा बघतो. सगळ्यांचं समाधान होईस्तो हे चालतं, आणि एखादी म्हातारी शेवटपर्यंत कुरकुरतेच. मुंडी आणि पाय कोणाकडे जायचे ते आधीच ठरलेलं असतं, वजडी धुवायला दोघी बसलेल्या असतात. फ्रीजमध्ये जायला काही उरत नाही. असं वर्षातून मोजक्या वेळा. बोकड जेवढे, तेवढंच मटण. मी ते खाते, आणि मन लावून खाते.

बाजारातला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत तयार होतो. त्याचा मका आणि सोयाबीन घाटावरून येतं, आणि काही खाद्यात फिशमील असतं, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची तारली आणि बारीक मासळी कारखान्यात दळून. ज्या तारलीवर गरिबाचं घर जेवायचं ती कोंबडीला घालून कोंबडी स्वस्त. मला त्यापेक्षा वाडीतला वाटा बरा वाटतो. तुमच्या मुलीला तो बरा वाटायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

कर्लीकाठ ताईंनी बहुतेक सांगितलं आहे. माझ्याकडून कार्बन आणि आरोग्य, एवढंच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 मध्ये अंदाज दिला होता की माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनाच्या साखळीतून येतात. रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन हा त्यातला मोठा भाग. चराईमुळे मातीत कार्बन साठतो हे खरं आहे, पण 2017 मध्ये ऑक्सफर्डमधील संशोधकांच्या गटाने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं की परिस्थिती अनुकूल असली तरी चरणाऱ्या जनावरांच्या उत्सर्जनापैकी 20 ते 60 टक्केच भरून निघतं. आणि काही दशकांनी माती भरली की साठवण थांबते, मिथेन मात्र जनावर आहे तोवर येत राहतो. सेव्हरींचे दावे यापेक्षा बरेच मोठे आहेत आणि अनेक शास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. दुसरी बाजू अशी की मिथेन हवेत साधारण 12 वर्षं टिकतो. त्यामुळे गावातली गुरं आहेत तेवढीच राहिली तर त्याचा परिणाम वेगळा, आणि संख्या वाढत गेली तर वेगळा.

तुमच्या सड्यावर तर माती काही ठिकाणी बोटभरही नाही. तिथे कार्बन कुठे साठवणार? कार्बनच्या नावाने गाय घेऊ नका. वणवा, शेण आणि चारा ही कारणं पुरेशी आहेत. आणि चारा वाढवायचा म्हणून जेसीबी लावून सड्यावर माती टाकू नका. पावसाळ्यात त्या उथळ मातीत गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात, ती सपाटीकरणानंतर परत येत नाहीत. कातळशिल्पं असलेली बारसू आणि देवाचे गोठणे ही गावं तुमच्याच तालुक्यात आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तुमच्या सड्यावरही एखादं असू शकतं, गवत कापताना बघा.

आरोग्याचं: गाईला घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, लाळ्या-खुरकूत वेळापत्रकाप्रमाणे. शेळ्यांना आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाआधी, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. जंताचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. मेच्या मध्यावर फळवली तर करडं ऑक्टोबरात येतात. जुलैत जन्मलेली करडं वाचवणं कठीण, न्यूमोनिया होतो. घाटावरच्या बाजारातून स्वस्तात मिळाल्या म्हणून जूनच्या तोंडावर शेळ्या आणू नका. कन्याळ ही सिंधुदुर्गातली नोंदणीकृत जात आहे, या हवेत टिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कुडाळ तालुक्यात निळेलीला प्रक्षेत्र आहे, घेण्याआधी तिथे जाऊन या.

कुळथाची_पिठी

मी संगमेश्वरचा, आणि ताई, मी तुमच्या मुलीच्या बाजूचा. आधी एक सांगतो, कोकणाइतकं सोपं व्हीगन होणं दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, ओल्या काजूची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या रसातली सोलकढी, रसात बुडवलेली घावनं. आमच्या आजीच्या स्वयंपाकात दूध होतंच कुठे? खोबऱ्यावर सगळं चालायचं. पनीर आमच्याकडे हॉटेलवाल्यांनी आणलं. तेव्हा मुलगी घरी आली की काय करू, अशी काळजी करू नका.

आता कर्लीकाठ ताईंना. शेणाशिवाय जांभ्याची माती चालत नाही हे मला मान्य नाही. आम्ही हिरवळीचं खत म्हणून ताग आणि धैंचा पेरून गाडतो, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला तुडवतो, आणि भात उभं राहतं. तुमच्याइतकं येतं की नाही यावर वाद घाला, पण येतं. आणि शेण पाहिजे म्हणून जनावर पाळलं तरी मारायलाच हवं असं कुठे आहे? म्हातारं होऊन मरू द्या की.

वाट्यांचं तुम्ही फार छान लिहिलंत, वाचताना मलाही आजोळ आठवलं. पण दोन पावलं मागे जाऊन बघणाऱ्या त्या माणसाचं कौतुक बोकडाने का करावं? आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त टोचणारं: तुमचं हे वाचून पुण्या-मुंबईचे शंभर जण म्हणतील की ‘चला, गावठी मटण नैतिक’, आणि आठवड्याला किलोभर ऑनलाइन मागवतील. तुमच्या वाडीचे वर्षाचे बोकड एका सोसायटीला एक रविवार पुरणार नाहीत. मग ते मटण कुठून येणार? त्याच टेम्पोतून. फक्त पाकिटावर हिरवं पान छापलेलं असेल.

कर्लीकाठ

पिठी, तुझं तिसरं शंभर टक्के बरोबर. मुंबईला पुरणार नाही आणि पुरवायचंही नाही. मला इथे खाजगीत दोघांनी दर विचारलाय, त्यांना हेच उत्तर समजा.

बोकडाला वाट्यांचं काहीच नाही, तेही बरोबर. वाटे माणसांसाठी असतात. जनावर मारलंय तर त्यातलं काही फुकट जाऊ नये आणि एकट्याने खाऊ नये, एवढाच त्यांचा अर्थ. बोकडासाठी मी जे करू शकते ते त्याआधीच्या दहा महिन्यांत.

ताग-धैंच्याचं मी नाकारत नाही, मीही पेरते. पण तो भाताच्या कुणग्यात होतो, पाणी असतं तिथे. उताराच्या काजूला आणि भरडावरच्या नाचणीला मला तरी खड्ड्यातलं खत लागतं. तुझ्याकडे कसं जमतं ते सविस्तर लिही, भांडणासाठी नाही, मला करून बघायचंय.

मात्र ‘मरू द्या की’ इतकं सोपं नाही. चार शेळ्यांची वर्षाला सहा करडं धर. सगळी ठेवली, कोणी विकलं नाही, कोणी कापलं नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी करवंदाची जाळी मुळासकट गेलेली असते, आणि मग बिबट्या येतो. त्याचा हात काही सराईत नसतो. म्हणजे एकतर करडं होऊ द्यायची नाहीत, किंवा शेळ्या पाळायच्याच नाहीत, किंवा मारायची जबाबदारी आपली. तू दुसरं निवडलंयस. ते मला पटतं, मी तसं करत नाही इतकंच. पाळायचं आणि नको झालं की मोकाट सोडून हात झटकायचे, हा जो चौथा मार्ग आमच्याकडची देवभोळी माणसं निवडतात, त्यावर तुझा-माझा वाद नसावा.

कातळावरची

सगळ्यांचे आभार. कल्टार आम्ही घालतो, देवगडकर. त्यामुळे कलमांतलं गवत जनावराच्या हिशोबातून आजच बाद केलं.

हा सगळा धागा मुलीला पाठवला. तिचं म्हणणं, कर्लीकाठ मावशींचं पटलं नाही पण राग आला नाही, आणि पिठी यांच्या पाकिटावरच्या हिरव्या पानाच्या ओळीचा फोटो काढून तिने ग्रुपवर टाकलाय. गाय घेण्याला तिचा विरोध आहेच. फक्त घेतलीसच तर पाडा झाल्यावर त्याचं काय करणार ते आधी लिहून दे, अशी अट घातली आहे. मला ती अट रास्त वाटते.

तूर्तास ठरलं ते असं: यंदा जनावर नाही. पावसाच्या तोंडावर कुंपणाला गिरिपुष्प आणि पांगाऱ्याच्या फांद्या लावायच्या, पडीक दोन कुणगे पुन्हा भाताखाली आणायचे, ऑक्टोबरात सड्याचं गवत फुलावर कापून उडवी रचायची. मे अखेरीस उडवीत किती उरतं ते बघून मग एक कपिला. शेळ्या त्यानंतर, आणि दोनच, तेही पाला पुरला तर. यजमान म्हणतात, जनावर नसताना उडवी रचणारी तू पहिलीच. गवत शेजारच्या म्हशीवाल्याला देईन, पण काजूत जळायला ठेवणार नाही.

मावशी, एकच राहिलं. शेळ्यांच्या गोठ्याला खाली माळा करतात ना, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून? पोफळीच्या फळ्या घरच्याच आहेत. फट किती ठेवायची?

कर्लीकाठ

पोफळ चालेल, पण पिकलेली, जून झालेली घे. कोवळीला पावसात कीड लागते. माळा जमिनीपासून निदान कंबरेएवढा उंच कर, म्हणजे खाली वाकून लेंड्या ओढता येतात. फट दीड सेंटीमीटर, फार तर थोडी जास्त. त्याहून मोठी ठेवलीस तर करडाचा पाय अडकतो, लहान ठेवलीस तर लेंड्या वरच राहतात आणि खूर सडतात. करडांच्या कोपऱ्यात पहिला महिनाभर वर गोणपाट टाक. फळ्यांची गोल बाजू खाली आणि सपाट बाजू वर, सुतार उलटं लावायला बघेल. आणि खिळे नको, काथ्याने बांध, एखादी फळी गेली की तेवढीच बदलता येते.

मुलीला लिहून देशील त्यात पाड्याबरोबर म्हाताऱ्या गाईचंही घाल. ती 15-20 वर्षं जगते आणि शेवटची काही वर्षं दूध नसतं.